पडद्यावरचा खेळ, पानावरचे नियम

१९८२ साली अटारी कंपनीने ‘स्वोर्डक्वेस्ट : अर्थवर्ल्ड’ नावाचा व्हिडिओ गेम अमेरिकेत विकायला काढला. खोक्यात कार्ट्रिज होतं, आपल्याकडची पोरं पुढे ज्याला ‘कॅसेट’ म्हणू लागली ते. सोबत एक छोटं कॉमिकही होतं. अर्धा खेळ त्या कॉमिकात दडवलेला होता. पडद्यावर बारा राशींच्या बारा खोल्या असत. योग्य वस्तू योग्य खोलीत नेऊन ठेवल्या की दोन आकडे झळकत. पहिला आकडा कॉमिकाच्या पानाचा, दुसरा त्या पानावरच्या चौकटीचा. ती चौकट काढून डोळे ताणून पाहिलं की चित्राच्या रेषांत लपवलेला एक शब्द सापडायचा. असे बरेच शब्द होते, पण खरे फक्त पाच. बाकीचे चकवण्यासाठी पेरलेले. खरे कोणते, याची खूण प्रस्तावनेतच वेगळ्या रंगात छापून ठेवली होती : मूळ संख्यांच्या पानांवरचेच शब्द धरायचे. गणिताच्या तासाला झोपणाऱ्यांचा पत्ता तिथेच कटला.

पाच शब्दांचं बरोबर वाक्य जुळवून पाठवणारे हजारोंतून अवघे आठ निघाले. त्यांची अंतिम फेरी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात अटारीच्या मुख्यालयात झाली आणि जिंकणाऱ्याला हिरेमाणकं जडवलेलं सोन्याचं पदक मिळालं. किंमत २५ हजार डॉलर. अशा चार गेमची मालिका ठरली होती. पदकानंतर चषक, मुकुट आणि परीस अशी बक्षिसं, आणि चारही विजेत्यांच्या शेवटच्या लढतीत ५० हजार डॉलरची तलवार. कॉमिकं लिहिली होती रॉय थॉमस आणि जेरी कॉनवे यांनी आणि काढली होती जॉर्ज पेरेझने. सुपरहिरोंच्या दुनियेत ही तिन्ही मोठी नावं. ती एका खेळण्याच्या खोक्यातल्या पुस्तिकेसाठी कशी मिळाली, याचं उत्तर साधं आहे. अटारी आणि डीसी कॉमिक्स या दोन्ही कंपन्या तेव्हा वॉर्नरच्याच मालकीच्या होत्या. घरचंच काम, परवानगी मागायची कुणाकडे?

पण मालिका तडीला गेलीच नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, १९८४ च्या जुलैत वॉर्नरने अटारीचा घरगुती खेळांचा विभाग जॅक ट्रॅमिएलला विकून टाकला आणि स्पर्धा गुंडाळली गेली. पदक आणि चषक विजेत्यांकडे गेले होते. मुकुट, परीस आणि तलवार यांचं पुढे काय झालं, यावर शौकीन मंडळी आजही तर्क लढवतात. ‘एअरवर्ल्ड’ हा चौथा गेम तर बनलाच नव्हता. तो थेट २०२२ मध्ये, अटारीच्या पन्नाशीनिमित्त काढलेल्या संग्रहात अवतरला.

खेळाशिवाय कॉमिक अपुरं आणि कॉमिकाशिवाय खेळ अडलेला, इतका रोखठोक संसार छापील पान आणि व्हिडिओ गेम यांनी पुन्हा क्वचितच केला. तरी गेल्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत पुस्तकं, कॉमिकं आणि वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका या सगळ्यांत व्हिडिओ गेम डोकावत राहिले आहेत. मात्र त्यात एक अडचण आहे. गेमची जान हलण्यात, आवाजात आणि खेळणाऱ्याच्या बोटांत असते, आणि पानावर यातलं काहीच उतरत नाही. मग लेखकाच्या हाती उरतं काय? एक तर गेमचं नाव, किंवा गेमचा नियम. नुसतं नाव घेतलं की ओळखीचा वाचक हसतो आणि पान उलटतं. नियम उचलला तर मात्र गोष्टीचीच चाल बदलते.

सुरुवातीच्या लेखकांना हा फरक कळायला वेळ नव्हता. ते स्वतःच खेळाने झपाटलेले होते. मार्टिन एमिस हा इंग्रजीतला चोखंदळ, काहीसा तिरकस कादंबरीकार. त्याने १९८२ मध्ये ‘इन्व्हेजन ऑफ द स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचं पुस्तक काढलं, तेही स्टीव्हन स्पीलबर्गच्या प्रस्तावनेसह. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्रांवर कोणता गेम कसा खेळावा, गुण कसे वाढवावेत, पॅकमॅनमध्ये भुतांना कसं चुकवावं, असा सगळा ऐवज त्यात होता. पुढे एमिस मोठा साहित्यिक झाला आणि या पुस्तकाचा विषय निघाला की बोलणं टाळू लागला. वर्षानुवर्षं ते छापलंच गेलं नाही, त्यामुळे जुन्या प्रतींना भाव आला. २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. एमिसने लाजावं असं त्यात काही नव्हतं, कारण पार्लरमधल्या गर्दीची आणि खिशातली नाणी संपत जाण्याची नोंद इतक्या चांगल्या गद्यात त्या काळी दुसऱ्या कुणी केली नव्हती.

डेव्हिड सडनाव हा समाजशास्त्रज्ञ त्याच्याही पुढचा. जॅझ पियानो शिकताना आपली बोटं कशी शहाणी होत गेली, यावर त्याने आधी एक पुस्तक लिहिलं होतं. मग त्याला ‘ब्रेकआउट’चं वेड लागलं. खाली सरकणारी फळी, वर विटांची भिंत, मध्ये उसळणारा चेंडू, एवढाच तो गेम. सडनाव त्यात इतका गुरफटला की रहस्य शोधत तो अटारीच्या लोकांकडे जाऊन पोहोचला. १९८३ मध्ये आलेलं ‘पिलग्रिम इन द मायक्रोवर्ल्ड’ हे पुस्तक या एकाच गेमबद्दल आहे. डोळा, हात आणि चेंडू यांची लय जमते कशी आणि बिघडते कशी, याचं त्यात केलेलं वर्णन वाचताना वाचकाच्या मनगटात कळ येते.

विल्यम गिब्सनने तर गेमकडे पाहिलंच नाही, त्याने खेळणाऱ्यांकडे पाहिलं. व्हँकुव्हरच्या ग्रॅनव्हिल स्ट्रीटवरच्या एका पार्लरमध्ये यंत्रावर ओणवी झालेली पोरं त्याला दिसली. पडद्यामागे खरीखुरी जागा आहे अशा खात्रीने ती खेळत होती. ही आठवण त्याने मुलाखतींतून पुष्कळदा सांगितली आहे. संगणकांच्या पलीकडे पसरलेल्या ‘सायबरस्पेस’ची त्याची कल्पना तिथून आली आणि १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’ कादंबरीतून जगभर गेली. ती कादंबरी त्याने लिहिली मात्र साध्या टाइपरायटरवर.

तिकडे जपानमध्ये लहान मुलांच्या मासिकांनी यापेक्षा मजेदार वाट काढली. १९७८ मध्ये तोमोहिरो निशिकादोने टाइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला आणि जपानी शहरांत गल्लोगल्ली यंत्रं उभी राहिली. त्याच वर्षी ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकात मित्सुरू सुगाया यांचा ‘गेम सेंटर अराशी’ अवतरला. नायक अराशी हा पुढे आलेल्या दातांचा, फाटक्या तोंडाचा शाळकरी मुलगा. गेम सेंटरमध्ये तो अजिंक्य. व्हिडिओ गेम खेळणारा माणूस जागच्या जागी बसलेला असतो, मग त्याचं चित्र काढायचं कसं? सुगायांनी त्याला सरळ कुस्तीच्या आखाड्यात उतरवलं. अराशी हवेत उडी मारतो, दातांनी बटणं दाबतो, दांडी इतक्या वेगाने हलवतो की तिच्यातून ज्वाळा निघतात. अशा प्रत्येक युक्तीला दणदणीत नाव. एखाद्या मल्लाच्या डावपेचांसारखी ती नावं पोरांच्या तोंडी बसली. गेमचा पडदा दिसतो क्वचित. दिसतो तो घाम, ओरडा आणि जिद्द. पुढच्या जपानी खेळ-मांगांनी, म्हणजे खेळांवरच्या कॉमिकांनी, हा धडा नीट गिरवला.

सुगायांनी आणखी एक काम केलं, ज्याची दखल फारशी घेतली जात नाही. १९८२ मध्ये अराशीलाच हाताशी धरून त्यांनी ‘कोन्निचिवा माइकॉन’ हे पुस्तक काढलं. घरगुती संगणक म्हणजे काय आणि त्यावर बेसिक भाषेत स्वतःचा छोटा प्रोग्राम कसा लिहायचा, हे त्यात चित्रांतून शिकवलं होतं. पार्लरमध्ये पैसे उडवणाऱ्या पोराला कागदावरच्या नायकाने कीबोर्डपाशी आणून बसवलं. त्या वर्षीचा शोगाकुकान मांगा पुरस्कार सुगायांना मिळाला, त्यात या पुस्तकाचाही वाटा होता.

वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेचा हिशेब वेगळा. तिथे जागा तीन-चार चौकटींची. ‘सकाळ’मध्ये १९९१ पासून ‘चिंटू’ वाचत मोठ्या झालेल्या कोणालाही ते ठाऊक आहे : विनोद शेवटच्या चौकटीत फुटला पाहिजे आणि तो आजोबांनाही कळला पाहिजे, नातवालाही. त्यात अमेरिकी पद्धतीत चित्रकाराला आपली मालिका कित्येक आठवडे आधी सिंडिकेटच्या, म्हणजे ती वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या कंपनीच्या, हवाली करावी लागते. म्हणजे आज गाजणाऱ्या गेमवर चित्र काढावं, तर ते छापून येईपर्यंत पोरं भलत्याच गेमकडे वळलेली असायची. बहुतेक चित्रकारांनी यावर सोपा तोडगा काढला. सोफ्यावर पसरलेला मुलगा, हातात काहीतरी यंत्र, ढिश्क्यांव ढिश्क्यांव असे आवाज आणि दाराशी वैतागलेली आई. कोणता गेम, हे त्या चित्रकारालाही सांगता आलं नसतं.

बिल अमेंड याला अपवाद. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेल्या या गृहस्थाने १९८८ च्या एप्रिलमध्ये ‘फॉक्सट्रॉट’ सुरू केली. रॉजर आणि अँडी हे आईबाप आणि पीटर, पेज, जेसन ही तीन मुलं. त्यातला दहा वर्षांचा जेसन म्हणजे गणित, डायनोसॉर आणि व्हिडिओ गेम यांचा मूर्तिमंत कीडा. त्याच्या तोंडी येणारे तपशील खेळणाऱ्याचे आहेत, लांबून पाहणाऱ्याचे नाहीत. तो कुठे अडतो, काय जमवतो, रात्र का जागवतो, हे ज्याने स्वतः रात्र जागवली आहे त्यालाच काढता येतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ गाजू लागला तेव्हा जेसन ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्वेस्ट’ खेळू लागला. नावात एवढा फेरफार केला की कंपनीचा वकीलही गप्प आणि जाणकार वाचकही खूश. शिवाय चित्रमालिकेतल्या पात्रांचं वय वाढत नाही, हा इथे भलताच फायद्याचा नियम ठरला. जेसन तीन दशकांहून जास्त काळ दहाच वर्षांचा आहे. निन्टेन्डोच्या जमान्यापासून इंटरनेटवरच्या महायुद्धांपर्यंत सगळं त्याने एकाच वयात पाहिलं. २००६ च्या अखेरीस अमेंडने रोजची मालिका थांबवली. तेव्हापासून जेसन फक्त रविवारी भेटतो.

नावात फेरफार करण्यामागे नुसती गंमत नसते, हे जपानमधल्या एका प्रकरणाने दाखवून दिलं. रेन्सुके ओशिकिरी यांचा ‘हाय स्कोर गर्ल’ हा मांगा २०१० मध्ये सुरू झाला. गोष्ट १९९१ सालची. अभ्यासात मागे आणि गेम सेंटरमध्ये पुढे असलेला हारुओ, आणि त्याला ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये धूळ चारणारी, श्रीमंत घरातली, कधीही एक शब्द न बोलणारी अकिरा. ती निवडते तोही बोजड रशियन पैलवान झांगिएफ, जो सहसा कुणी निवडत नाही. ती मुलगी बोलत नाही, पण ती कोणता गडी घेते, कसा डाव टाकते, कधी मुद्दाम हरते यातून तिचं मन कळत जातं. इथे गेमची चित्रं सजावट म्हणून आलेली नाहीत, ती संवादाच्या जागी आहेत. म्हणून खरे गेम, खरी पात्रं, खरे पडदे दाखवणं ओशिकिरींना भाग होतं.

तिथेच गाडी अडली. एसएनके प्लेमोर या कंपनीने तक्रार केली की आपल्या गेममधली पात्रं परवानगीशिवाय वापरली आहेत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ओसाका पोलिसांनी स्क्वेअर एनिक्स या प्रकाशकाच्या कार्यालयाची झडती घेतली. गंमत अशी की स्क्वेअर एनिक्स स्वतःच गेम बनवणारी बडी कंपनी. पुस्तकांची विक्री थांबली, मालिका बंद पडली, चित्रकारासह अनेकांवर फौजदारी कारवाईची टांगती तलवार राहिली. वर्षभराने, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, तडजोड झाली आणि २०१६ मध्ये हारुओ-अकिराची गोष्ट पुढे सुरू झाली. अटारीचं कॉमिक एकाच मालकाच्या छपराखाली निघालं म्हणून सुटलं. ओशिकिरींच्या वाट्याला ती चैन नव्हती.

शब्दांत लिहिणाऱ्याला इतकी धास्ती नसते. कादंबरीत गेमचं नुसतं नाव घ्यायला सहसा कुणी अडवत नाही. या मोकळिकीचा सर्वांत घसघशीत फायदा अर्नेस्ट क्लाइनने उठवला. २०११ च्या ‘रेडी प्लेयर वन’मध्ये एक अब्जाधीश गेमनिर्माता मरताना आपली सगळी दौलत एका आभासी जगात लपवून जातो, आणि ती शोधायची तर ऐंशीच्या दशकातले गेम, सिनेमे आणि गाणी तोंडपाठ हवीत. त्यात पॅकमॅन आहे, ‘जाउस्ट’ आहे आणि शेवटाकडे अटारीचा ‘अ‍ॅडव्हेंचर’ आहे. या शेवटच्या गेमचा किस्सा खरा आहे. अटारी तेव्हा प्रोग्रामरचं नाव कुठेही छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेटने गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लिहून ठेवलं होतं. क्लाइनने हा किस्सा नेमका हेरला. बाकी कादंबरीचं मात्र किराणा दुकानाच्या वहीसारखं झालं आहे. नावामागून नाव, वाचणाऱ्याने ओळखत जायचं. २०१८ मध्ये स्पीलबर्गने सिनेमा काढला, तेव्हा शब्द आणि चित्र यांतला फरक पुन्हा दिसला. पुस्तकात नायक ज्या जपानी अल्ट्रामॅनचं रूप घेतो, तो हक्कांच्या वादामुळे सिनेमात आणताच आला नाही.

कॅनडाच्या ब्रायन ली ओमॅलीने याउलट केलं. २००४ ते २०१० या काळात सहा भागांत आलेलं त्याचं ‘स्कॉट पिलग्रिम’ हे कॉमिक टोरोंटोत घडतं. बिनकामाचा, बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा तेविशीचा स्कॉट एका मुलीच्या प्रेमात पडतो. अट अशी की तिच्या सात माजी जोडीदारांना हरवायचं. पहिलाच येतो मॅथ्यू पटेल, आणि तो बॉलिवुडच्या थाटात नाचत-गात लढतो. स्कॉट त्याला आडवा करतो आणि पटेलच्या जागी जमिनीवर चिल्लर पडते. शत्रू मेला की नाणी, हा गेमचा जुना नियम. पण ती नाणी बसच्या तिकिटालाही पुरत नाहीत. टोरोंटोत बेकार तरुणाने जगणं म्हणजे काय, हे एवढ्या एका चौकटीत ओमॅलीने सांगून टाकलं. कुणालाही या चिल्लरीचं आश्चर्य वाटत नाही. पुढे स्कॉटला जादाची एक लाईफ मिळते, तेही सगळे सहज मान्य करतात. मारिओमधल्या बॉम्बवरून बँडचं नाव ठेवलंय हे ज्याला कळलं त्याला कळलं. नाही कळलं तरी गोष्ट लंगडत नाही.

नियम उचलणाऱ्यांत सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर ऑर्सन स्कॉट कार्ड. ‘एंडर्स गेम’ ही त्याची कथा १९७७ मध्ये ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात आली, म्हणजे ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्याही आधी, कादंबरी झाली १९८५ मध्ये. परग्रहावरच्या शत्रूशी लढण्यासाठी लहान मुलांना खेळांतून तयार केलं जातं. कादंबरीतला एक संगणकी खेळ एंडरला छळतो. एक राक्षस दोन पेले पुढे करतो, एक निवडायला सांगतो, आणि कोणताही निवडला तरी मरण येतं. मुलं थोड्या वेळाने नाद सोडतात. एंडर सोडत नाही. शेवटी तो पेले लाथाडून राक्षसाच्या डोळ्यावरच झडप घालतो आणि पुढे निघतो. शिक्षकांना हवा असतो तो हाच गुण. आणि मग शेवटची परीक्षा. एंडर ती सरावाची लढाई समजून, सगळे नियम मोडून जिंकतो. नंतर त्याला सांगितलं जातं की तो सराव नव्हता. पडद्यावर विझलेले ठिपके खरे जीव होते.

टेरी प्रॅचेटने हीच कल्पना घेऊन तिला बालवाङ्मयाच्या अंगणात आणलं. १९९२ च्या ‘ओन्ली यू कॅन सेव्ह मॅनकाइंड’मधला बारा वर्षांचा जॉनी अंतराळात गोळीबार करण्याचा गेम खेळत असतो. गेम अर्थातच चोरीचा, वॉबलर नावाच्या मित्राने कॉपी करून दिलेला. मध्येच पडद्यावर संदेश येतो : आम्ही शरण येतो. शत्रूच्या जहाजाची कप्तान त्याच्याशी बोलायला लागते. माहितीपुस्तिकेत शरणागतीचं काय करायचं ते लिहिलेलं नसतं. शत्रू माघारी वळतात आणि इतर मुलांचे पडदे रिकामे पडतात. पैसे परत मागायला ती दुकानात जातात. त्याच वेळी घरच्या टीव्हीवर आखातातलं युद्ध चालू असतं. रात्रीच्या आकाशातले हिरवे ठिपके, अचूक नेम साधणारी क्षेपणास्त्रं, हुबेहूब व्हिडिओ गेमसारखी. प्रॅचेट या दोन पडद्यांबद्दल कुठेही भाषण देत नाही. जॉनीच्या खोलीत एक आणि दिवाणखान्यात दुसरा, एवढंच ठेवतो.

प्रौढांच्या कादंबरीतही गेमचं व्यसन आलं. इयन बँक्सच्या ‘कम्प्लिसिटी’ (१९९३) मधला एडिनबरोचा पत्रकार ‘डेस्पॉट’ या काल्पनिक गेमवर आपलं साम्राज्य सांभाळत रात्री घालवतो, आणि सिड मायरच्या ‘सिव्हिलायझेशन’ची चव ज्याला माहीत आहे त्याला मूळ कुठलं ते सांगावं लागत नाही.

मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींची गेमशी गाठ पडली ती चमत्कारिक परिस्थितीत. १९८९ च्या फेब्रुवारीत त्यांच्याविरुद्ध फतवा निघाला आणि त्यांना पोलिसांच्या पहाऱ्यात घरं बदलत राहावं लागलं. त्या दिवसांत मुलगा झफर याच्यामुळे ते मारिओ खेळायला लागले आणि चांगलेच तरबेज झाले. ‘जोसेफ अँटन’ या आत्मकथनात त्यांनी ते सांगितलं आहे. झफरसाठी लिहिलेल्या ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’नंतर वीस वर्षांनी, २०१० मध्ये, धाकट्या मिलानसाठी त्यांनी ‘लुका अँड द फायर ऑफ लाइफ’ लिहिलं. गोष्टीवेल्हाळ बाप रशीद खलिफा गाढ झोपेत बुडून मरणाकडे सरकतोय, आणि त्याच्यासाठी लुकाला जादूच्या जगातून जीवनाचा अग्नी चोरून आणायचा आहे. त्या जगात पाऊल टाकताच लुकाच्या नजरेच्या कोपऱ्यात एक आकडा दिसू लागतो : किती लाईफ उरल्या. मेला की आकडा एकाने कमी. एक टप्पा ओलांडला की तिथे ‘सेव्ह’ करायचं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून नको.

आपल्याकडे टीव्हीला जोडलेल्या खेळण्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेल्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘माझी एकच लाईफ उरलीय’ हे वाक्य त्या काळी मराठी घरांत सर्रास ऐकू येई. रश्दींचा डाव वेगळाच आहे. मुलाकडे शेकडो लाईफ आहेत आणि बापाकडे एकच, तीही ओसरत चाललेली. समीक्षकांना ‘लुका’ हे ‘हारून’पेक्षा उणं वाटलं, आणि भाषेच्या कसरतींत ते आहेही उणं. पण गेमचा नियम आणि घरातलं मरण यांना असं समोरासमोर उभं करणं ‘हारून’मध्ये शक्यच नव्हतं.

गॅब्रिएल झेव्हिनने २०२२ च्या ‘टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो’मध्ये हाच प्रश्न मोठ्यांसाठी मांडला. सॅम आणि सेडी लहानपणी हॉस्पिटलच्या खेळाच्या खोलीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळताना भेटतात आणि पुढे एकत्र गेम बनवतात. कादंबरी खपली भरपूर, आणि तिच्यात सैल जागाही आहेत. पण एक प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. दोघांचा मित्र मार्क्स त्यांच्या कंपनीचा सगळा डोलारा सांभाळतो. गेममध्ये खेळाडूच्या हाती नसलेली, दुकानात बसलेली, वाट दाखवणारी दुय्यम पात्रं असतात, त्यांना खेळणारे ‘एनपीसी’ म्हणतात. मार्क्सवर गोळी झाडली जाते आणि त्याच्या शेवटच्या दिवसांचं प्रकरण झेव्हिनने ‘तू’ असं संबोधत लिहिलं आहे; शीर्षक ‘द एनपीसी’. पुन्हा सुरू करण्याचं बटण तिथे नाही.

या सगळ्यांत एक माणूस मात्र गेमच्या पडद्याकडे पाठ करून, तो गेम चालतो कुणाच्या मजुरीवर हे पाहायला गेला : कोरी डॉक्टरो. इंटरनेटवरच्या अवाढव्य गेमांत सोनं, शस्त्रं, चिलखतं मिळवायला तासन्‌तास तेच ते राक्षस मारावे लागतात. वेळ नसलेला, पैसे असलेला खेळाडू ते सोनं खऱ्या डॉलरने विकत घेतो. मग गरीब देशांत पोरांना रांगेने संगणकांसमोर बसवून रात्रंदिवस ते सोनं ‘पिकवण्याचा’ धंदा उभा राहिला. डॉक्टरोने २००४ मध्ये यावर ‘अँडाज गेम’ ही कथा लिहिली. जेन वांगने २०१४ मध्ये तिचं ‘इन रिअल लाइफ’ हे सुंदर चित्रपुस्तक केलं. त्यात गेममध्ये सोनं पिकवणाऱ्यांना ठार करण्याचे पैसे घेणारी अँडा, समोरचा रेमंड हा चीनमधला कष्टकरी मुलगा आहे हे कळल्यावर थबकते.

२०१० मध्ये आलेली डॉक्टरोची कादंबरी ‘फॉर द विन’ याहून मोठ्या पटाची आहे. शेन्झेन, सिंगापूर, लॉस एंजेलिस आणि मुंबई. मुंबई म्हणजे धारावी. माला ही तिथली मुलगी सायबर कॅफेत बसून आपल्या पोरापोरींची फौज इतक्या शिस्तीने लढवते की तिला ‘जनरल रोबोटवाला’ असं नाव पडतं. मग बॅनर्जी नावाचा एक माणूस येतो आणि खेळायचे पैसे देऊ करतो. काम एवढंच की गेममध्ये अमुक खेळाडू दिसले की त्यांची कत्तल करायची. झोपडपट्टीतल्या घराला त्या पैशांचा आधार होतो, आई खूश, फौज खूश. ज्यांना मारायचं ते दुसऱ्या देशांतले सोनं पिकवणारे कामगार असतात, आणि ते संघटना बांधू पाहत असतात म्हणूनच त्यांना संपवायचं असतं. संप फोडायला गुंड आणण्याची ही जुनीच रीत, गिरणगावाच्या शहराला ती नवी नाही. कादंबरी अर्थशास्त्राचे धडे देताना मधूनमधून रेंगाळते, आणि डॉक्टरोची मुंबई थोडी ऐकीव वाटते. पण मालाची सोबतीण यास्मीन आणि माला यांच्यातली ओढाताण खरी उतरली आहे : हातात आलेले पैसे सोडायचे कसे आणि समोरच्यावर वार करायचा कसा. पुस्तक दुकानात आलं त्याच वेळी डॉक्टरोने ते इंटरनेटवर फुकट वाचायलाही ठेवलं. कादंबरीत पुढे सिंगापूरहून सूत्रं हलवणाऱ्या बिग सिस्टर नॉरच्या संघटनेत चिनी पोरांच्या बरोबरीने धारावीची फौजही सामील होते, आणि गेममधल्या लढाईचे खरे पडसाद रस्त्यावर उमटू लागतात.